आधी घड्याळ लाव, मग पळव

नाशिक,
रविवार, रात्री

प्रिय नंदू,

तुझ्या झोंबी-कादंबरीची, म्हणजे चावत सुटलेल्या माणसांच्या साथीची, तीन प्रकरणं दोनदा वाचली. पळापळ झकास जमलीय. पण पहिल्या पानावर चावा, तिसऱ्या पानावर मेनरोड ओस आणि सातव्या पानावर अख्खं नाशिक खलास! उरलेल्या दोनशे पानांत मग कोण कोणाला चावणार? तोंडदेखलं कौतुक नको म्हणाला होतास, म्हणून सरळच लिहितो.

आधी एक शब्द. तुझी सगळी पात्रं रोग्यांना 'झोंबी' म्हणतात. मराठीत झोंबी म्हणजे झटापट. मिरची झोंबते, बोलणं झोंबतं. जुन्या नाशकातल्या तिवंध्यातली म्हातारी ओट्यावरून ओरडेल ती 'अगं, माणूस पिसाळलाय!' असंच. कुत्र्यासाठीचा शब्द तयार असताना ती दुसरा शोधायला जाणार नाही. झोंबी म्हणतील ती कॉलेज रोडची पोरं. आणि पोलीस वायरलेसवर बोलतील, 'चावा घेणारे इसम'. तीन वस्त्या, तीन शब्द. एवढ्यानेच पात्रं वेगळी उठून दिसतील.

आता मुख्य भांडण. या प्रकारच्या कादंबरीचा वेग रोग्याच्या पायांत नसतो. चावा बसल्यापासून माणूस पिसाळेपर्यंत जो वेळ जातो, त्यात असतो. तू तो दहा सेकंद ठेवलायस. विषाणू पेशीत शिरतो, स्वतःच्या प्रती काढतो आणि मग बाहेर पडतो. एवढ्या एका फेरीलाच बहुतेक विषाणूंना कित्येक तास लागतात. दहा सेकंदांत तर सापाचं विषही चढत नाही. शिवाय दहा सेकंदांत पिसाळणारा माणूस गावाबाहेर जाऊच शकत नाही. चावला तिथेच उभा राहून पुढच्याला चावेल, आणि तुझी साथ दोन गल्ल्यांत अडकेल. रेबीजसारखं खरंखुरं धरायचं, तर चाव्यापासून लक्षणांपर्यंत सहसा दोन-तीन महिने जातात, कारण तो विषाणू मज्जातंतूंतून सावकाश मेंदूकडे सरकतो. तेही आपल्या कामाचं नाही. म्हणून तुझा विषाणू रक्तातून जाऊ दे आणि सहा तास धर.

आता वही घे. एक रोगी अडवला जाण्याआधी सरासरी तिघांना चावतो असं मान. दर सहा तासांनी आकडा तिप्पट. २४ तासांनी नवे रोगी ८१. ४८ तासांनी ६,५६१. ७२ तासांनी ५,३१,४४१. २०११च्या जनगणनेत नाशिक शहराची वस्ती १४.८६ लाख होती. तो आकडा तेराव्या पिढीत, म्हणजे ७८ तासांनी ओलांडला जातो. हिशेबाची चाल बघ: पहिल्या दिवशी शहराला पत्ताही नाही, दुसऱ्या दिवशी अफवा आणि शेजारच्या बिल्डिंगमधला गोंधळ, आणि तिसऱ्या एकाच दिवसात साडेसहा हजारांचे पाच लाख. तुझी पहिली सत्तर पानं पहिल्या दिवसाची हवीत. वाचकाला आकडा ठाऊक आहे, पात्रांना नाही, आणि ती बिनधास्त भाजी घेतायत. भीती तिथे आहे.

प्रत्यक्षात आकडा एवढा चढणार नाही, हे खरं. लोक दारं लावून बसले की तिघांचा एक होतो, कधी एकही नाही. पण हा ब्रेक तू हाताने लावायचास. कुठल्या पानावर दारं बंद झाली, ते तुला माहीत असलं पाहिजे.

सुरुवात जरा लवकर पेटवायची असेल तर रंगपंचमी घे. तू तारीखच दिलेली नाहीस, आणि आपल्याकडे रहाडी असताना हे पाप आहे. वर्षभर फळ्या-मातीखाली झाकलेला हौद उघडतात, पानाफुलांचा रंग उकळून त्यात ओततात, आणि दुपारनंतर पोरं हौदात एकमेकांच्या अंगावर धप्पा, म्हणजे उडी, मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, आणि बाहेर येणारा प्रत्येक जण डोक्यापासून पायापर्यंत त्याच रंगाचा. त्यात रक्त कोणाला दिसणार? खांद्याला दात लागले तर पोरगं म्हणेल, कोणाचं तरी कोपर लागलं. फक्त रहाडीच्या पाण्यातून रोग पसरवू नकोस. एवढ्या पाण्यात लाळ किती पातळ होते, ते बारावीचं पोरगंही विचारेल. चावाच हवा. त्या गर्दीत पिसाळलेला एकच का असेना, चाळीस जणांना दात लागले असं धर. मग तेराऐवजी अकरा पिढ्यांत शहर संपतं, ७८ तासांचे ६६ होतात.

आता वेळापत्रक बघ. रहाडीतला चावा दुपारी चारचा, तो माणूस पिसाळतो रात्री दहाला, आंघोळ करून घरात बसलेला असताना. त्याने चावलेला पहाटे चारला. पहाटे चारच्या माणसाने चावलेला सकाळी दहाला. आणि सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस सुटते. मनगटाला रुमाल गुंडाळलेला एखादा पासवाला त्यात चढणारच. अपडाउनवाल्याला खाडा परवडत नाही. दहा वाजता गाडी कुठे असते? ठाण्याच्या आसपास, आणि डब्यात पाय ठेवायला जागा नसते. मुंबईत साथ न्यायला तुला हेलिकॉप्टर लागत नाही, मासिक पास पुरतो.

तुझे रोगी मेलेले आहेत, तेही बदल. मेल्यावर साधारण बारा तासांत सगळं शरीर लाकडासारखं ताठ होतं, पुढचे बारा तास तसंच राहतं आणि त्यानंतरच्या बारा तासांत सैल पडतं. उन्हाळ्यात हे आणखी लवकर. म्हणजे तुझं मढं रात्री पळेल आणि सकाळी खांबासारखं उभं राहील. वाचकांतला एखादा वैद्यकीयचा विद्यार्थी पहिल्याच दिवशी हसेल. त्यांना जिवंत ठेव. जिवंत आहेत म्हणजे श्वास लागतो, पाणी लागतं. जीव तोडून धावणारा माणूस दोन-तीनशे मीटरनंतर ढेपाळतो. वेदना कळत नसल्या तरी स्नायूला ऑक्सिजन लागतोच. त्यामुळे तुझे लोक आडोसा गाठू शकतात. दर वेळी त्यांना मोटारसायकल सापडायची गरज नाही.

पाण्याचा मुद्दा जरा लांबवतो, कारण तुझा शेवट त्यातच आहे. तिसऱ्या प्रकरणात तुझे रोगी गोदावरी बघून थबकतात, 'रेबीजमध्ये पाण्याची भीती असते ना' म्हणून. नंदू, रेबीजचा रोगी नदीला घाबरत नाही, घोटाला घाबरतो. गिळायला गेलं की घशाच्या स्नायूंना जबर आचके येतात. पुढे पुढे पाण्याचा पेला दिसला तरी येतात. नदी तो तुडवत जाईल. त्यातून मार्चमध्ये रामकुंडाजवळ ती अडवणार तरी किती? नदीची भिंत हवीच असेल तर कथा ऑगस्टमध्ये ने, गंगापूर धरणातून विसर्ग चालू ठेव आणि पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लाव. मग होळकर पुलावर तुझी लढाई शोभेल. पण तेव्हा रहाड जाते. मी रहाड ठेवीन.

घशाचे आचके मात्र ठेव, कारण त्यातून घड्याळाचा दुसरा काटा मिळतो. पाण्यावाचून माणूस साधारण तीन दिवस टिकतो, उन्हात धावत असेल तर त्याहूनही कमी. रंगपंचमीच्या रात्री पिसाळलेले तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत कोसळायला लागतील, नेमके आकडा शिगेला असताना. म्हणजे आत अडकलेल्यांना कोणालाच हरवायचं नाही, आठवडाभर दार उघडायचं नाही. आणि आठवडाभर दार न उघडणं ही साधी गोष्ट नाही. गच्चीवर हजार लिटरची टाकी, चार बिऱ्हाडं, सोळा माणसं. पिण्या-रांधण्याला माणशी चार लिटर धरलं तर रोज ६४ लिटर, टाकी पंधरा दिवस जाते. तेच एका फ्लशला सहा ते दहा लिटर जातात. सोळा जणांनी दिवसातून तीनदा आठ लिटरची साखळी ओढली की ३८४ लिटर, तिसऱ्या दिवशी टाकी कोरडी. सोसायटीतलं खरं भांडण यावर होईल: दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी रात्री गुपचूप फ्लश केला आणि पाइपातला आवाज सगळ्यांनी ऐकला. हा प्रसंग तुझ्या तलवारबाजीपेक्षा भारी होईल, लिहून बघ.

वीज पटकन सांगतो. एकलहऱ्याचं वीजकेंद्र बंद पडलं आणि नाशिक अंधारात गेलं, असं लिहू नकोस. ते राज्याच्या ग्रिडला वीज देतं. तुझ्या गल्लीत अंधार होतो तो फीडर, म्हणजे उपकेंद्रातून येणारी वाहिनी, ट्रिप झाल्यावर तो पुन्हा चालू करायला लाइनमन आला नाही म्हणून. वीज गेली की पंप बंद, लिफ्ट अधांतरी, पेट्रोल पंपाची नळी कोरडी, आणि बॅटऱ्या उतरल्या की काही तासांत मोबाइल टॉवरही गार. सगळं एकदम नको, एकेक काढून घे.

दवाखान्याचा प्रसंग तू बंदुकांनी भरलायस. तिथे खरं भयंकर असतं ते कागदावर. माणूस माणसाला चावला म्हणजे मारामारी, म्हणजे एमएलसी (पोलिसांना कळवायची केस), म्हणजे चौकीतला हवालदार येऊन नाव-गाव विचारणार. तोवर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, धनुर्वाताचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, आणि पट्टी बांधून घरी. डॉक्टर सगळं बरोबर करतोय आणि तरी साथ त्याच्या हातून घरोघर जातेय. संशय आलाच तर नमुना पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेत. दोनशे किलोमीटरच्या वर अंतर, रस्त्यातच चार-पाच तास, म्हणजे जवळजवळ एक पिढी. जिल्हाधिकाऱ्यांच्या तोंडी 'कलम १४४' आहे, ते बदल. १ जुलै २०२४पासून तो जमावबंदीचा आदेश नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. १८९७चा साथरोग कायदा मात्र अजून चालतो. देवळालीहून लष्कर आपणहून धावत येतं असं दाखवलंयस. प्रशासनाने मागणी केल्याशिवाय ते शहरात उतरत नाही. शिवाय तिथे तोफखान्याचं प्रशिक्षण चालतं. तोफ घेऊन सराफ बाजारात काय करणार?

आता शटर. तुझा नायक मेनरोडवर दुकानात घुसतो, शटर खाली ओढतो आणि 'आतून कुलूप लावतो'. कुठलं कुलूप? बहुतेक शटरची कुलपं खाली दोन टोकांना, बाहेरच्या बाजूने. आतून ओढलेलं शटर नुसतं जमिनीला टेकतं. बाहेरून फटीत चार बोटं घातली की वर. म्हणून त्याला काहीतरी करायला लाव: बाजूच्या पट्टीच्या खाचेत, शटरच्या तळाच्या जाड कडेच्या जरा वर, पहार किंवा सळई आडवी अडकवली की शटर वर सरकत नाही. आणि ओढताना होणारा खडखडाट विसरू नकोस. तो तीन गल्ल्या ऐकतील.

याउलट जुन्या नाशकातला वाडा. दिंडी दरवाजा, मागे भिंतीच्या भोकातून सरकणारा अडसर, आत चौक आणि चौकात आड. वाडा बांधणाऱ्याला घरात असताना लुटारूंची भीती होती, म्हणून दार आतून भक्कम. दुकानदाराला भीती आपण घरी गेल्यावर येणाऱ्या चोराची, म्हणून कुलूप बाहेरून. तुझ्या माणसांना शटरमागून वाड्यात आण. फक्त अडसर कुजलेला आहे की नाही ते आधीच्या प्रकरणात ठरव, कारण बऱ्याच वाड्यांत आता एक भाडेकरू, दोन भिंती पडलेल्या आणि आडावर सिमेंटची लादी असते.

शेवटचा पाठलाग तू हायवेवर घेतलायस, तो मला फिका वाटला. दिंडोरीकडे वळव. मार्चमध्ये द्राक्षाची काढणी जोरात, बागेत मजूर, पॅकहाउससमोर कंटेनर. बागेत दोन ओळींमध्ये नऊ-दहा फुटांची वाट असते, पण ओळीवरच लोखंडी अँगल आणि छाती-गळ्याच्या उंचीला ताणलेल्या तारा. वाटेने धावलास तर मोकळं रान. ओळ ओलांडायला गेलास की तार गळ्याला. बागेत काम केलेली मुलगी वाकून, तारेखालून, ओळीमागून ओळ पार करेल आणि मागचे तारांवर आदळत राहतील. कोयता तिच्या हातात देऊ नकोस, तो हाडात रुतला की निघत नाही आणि उडालेलं रक्त डोळ्यात जातं. तिला वाकता येतं एवढं पुरे.

आणि ती कंटेनरमध्ये लपत असेल तर सावध. रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरची दारं फक्त बाहेरून लागतात, रबराने हवाबंद होतात, आतून उघडायची सोय नसते. आत द्राक्षाच्या पेट्या जवळजवळ छतापर्यंत, हवा थोडी, थंडी शून्याच्या आसपास. बाहेर दांडा ओढणारा एक माणूस लागेलच, आणि तो बाहेरच राहील. तो कोण, हे तू अजून ठरवलेलं नाहीस. माझ्या मते तो मनगटाला रुमाल गुंडाळलेला हवा, आणि त्याच्या सहा तासांतले किती उरलेत ते तिला माहीत हवं.

चौथं प्रकरण लिहिण्याआधी तासांचा तक्ता करून पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्री