बाई, तुम्ही माझा हात दाबलात त्याबद्दल

आदरणीय बाई,

परवा माझ्या विद्यार्थिनीनं तिच्या पहिल्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग मला ऐकवलं. मुलगा बोलता बोलता अडखळला आणि तिनं लगेच उत्तर पुरवलं. मला तुम्ही आठवलात. हे पत्र खरं तर फार आधी लिहायला हवं होतं.

भौतिकशास्त्रात एमएस्सी करून मी विज्ञान शिक्षणाच्या संशोधनाकडे वळले, तेव्हा ‘म्हणजे आता खरं संशोधन सोडलंस?’ असं जवळच्यांनीही विचारलं होतं. माझ्याकडे फक्त प्रश्नावली होती. वर्ग तुमचा होता. तुम्ही मला शेवटच्या बाकावर जागा दिलीत आणि मधल्या सुट्टीत मुलांशी बोलू दिलंत.

एक सेल, एक बल्ब, वायरचे दोन तुकडे. तुमच्या वर्गातल्या एका मुलीनं एकच वायर जोडली. बल्ब लागला नाही. ‘सर्किट पूर्ण’ एवढं माझ्या ओठांवर आलं, तोच तुम्ही टेबलाखालून माझा हात दाबलात. ती वायरच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “वीज बल्बमध्येच संपणार ना? मग परत यायला दुसरी वायर कशाला?”

उत्तर चूक, पण विचार किती नेटका! प्रवाह बल्बमध्ये ‘खर्च होतो’ ही समजूत अनेक देशांतल्या संशोधकांना आढळली आहे, कॉलेजच्या मुलांतसुद्धा. मी ते वाचलं होतं, ऐकलं मात्र त्या दिवशी. माझ्या पीएचडीचा प्रश्न त्याच वाक्यातून निघाला.

अमेरिकेतल्या विज्ञान शिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग तपासून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं मोठी होतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. तुम्ही हे नाव ऐकलं नव्हतंत. तरी प्रश्न विचारून झाला की मनात आकडे मोजायचात, हे तुम्हीच मला सांगितलंत.

पुढे माझे शोधनिबंध नाकारले जाऊन परत आले, तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवण्यात दिवस गेले. दुसऱ्या वर्षीही वर्गाचं दार तुम्ही उघडं ठेवलंत.

माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव इतर नावांच्या रांगेत एका ओळीत आलं. ते फार कमी होतं, बाई. मनापासून आभार.

तुमची,
शेवटच्या बाकावरची