शिक्षा वाढवू नका, गुन्हा नोंदवून घ्या

मा. मंत्रिमहोदय, गृह विभाग, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

यंदाही द्राक्षाचा हंगाम सरता सरता व्यापारी पैसे बुडवून पसार झाले. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याची नोंद होईल, हा छाटणीच्या वेळी मिळालेला शब्द माल निघेपर्यंतही टिकला नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ, कुठेही विचारा, पद्धत एकच. व्यापारी गावातला दलाल धरतो. पहिल्या गाड्यांचे पैसे रोख, तेही चार किलोच्या पेटीला बाजारापेक्षा चढा दर. मग ‘आठ दिवसांत देतो’, मग पुढच्या तारखेचा चेक, शेवटी मोबाइल बंद आणि भाड्याच्या खोलीला कुलूप. तयार घड वेलीवर थांबत नाहीत, एका अवकाळी पावसात मणी तडकतात. हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

त्याला भीती कशाची वाटावी? भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) मध्ये फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण ठाण्यात ऐकावं लागतं, ‘हा दिवाणी व्यवहार आहे, कोर्टात जा.’ गुन्हा न नोंदवता तक्रार नुसता अर्ज म्हणून घेतात आणि चौकशीवर ठेवतात. तपासाची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(3) मधली, गुन्हा नोंदवण्याआधीची 14 दिवसांची प्राथमिक चौकशी तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे, 318(4) तिच्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी प्रकरणात व्यापारी व्यवहारांत चौकशीला मुभा दिली, पण तिलाही पंधरा दिवसांची, अपवाद म्हणून सहा आठवड्यांची मर्यादा घातली. अर्ज त्याहून जास्त पडून राहतो तेव्हा कायदा कोण मोडतं? आणि तोवर गोठवायला व्यापाऱ्याच्या खात्यात उरतं काय?

चेकची वाट तर आणखी लांब. चेक न वटल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, पैसे भरायला 15 दिवस, पुढच्या एका महिन्यात चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम 138 ची फिर्याद. सहा महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदाच म्हणतो. प्रत्यक्षात परराज्यातल्या पत्त्यावरचं समन्स ‘मिळून येत नाही’ असा शेरा घेऊन परत येतं आणि तारखा पडत राहतात. इकडे औषधांच्या दुकानाची उधारी आणि सोसायटीचं व्याज थांबत नाही. बागा तोडल्या जातात त्या उगाच नाही.

दोष एका ठाण्याचा नाही. राज्यकर्त्यांनाच वाटतं, कलम कडक केलं की काम झालं. 2021 साली विधिमंडळाने महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांसाठी फाशीची तरतूद असलेलं शक्ती विधेयक मंजूर केलं, ते कधी अमलात आलंच नाही. इटालियन विचारवंत बेकारियाने 1764 मध्येच मांडलं होतं की गुन्हेगाराला रोखते ती शिक्षेची खात्री, तिची क्रूरता नव्हे. पळून जाणारा व्यापारी सात वर्षं मोजत नाही, दारात पोलीस येण्याची शक्यता मोजतो.

कायदा नवा नको. ऑक्टोबरच्या छाटणीआधी लेखी आदेश काढा: व्यापारी, दलाल आणि गाडी यांची ठाण्यात नोंद, आधार व बँक खात्यासह, तक्रार येताच एफआयआर आणि त्याच दिवशी बँकेला पत्र, 90 दिवसांत तपासाची माहिती फिर्यादीला, ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 प्रमाणे द्यावीच लागते. आणि किती अर्ज आले, किती गुन्हे नोंदले, किती जणांना शिक्षा झाली, हे आकडे दर हंगामानंतर तालुकानिहाय जाहीर करा.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, जि. सांगली