उंदराला पाळीच येत नाही, मग औषध शोधायचं कुणावर?

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात एंडोमेट्रिओसिसवर चार ओळी आल्या, बरं वाटलं, पण "पाळीत पोट दुखणे" एवढ्यावरच गुंडाळलंत म्हणून लिहितेय. माझ्या पुतणीला हेच आहे, सहा वर्षं सगळे म्हणायचे लग्न झालं की थांबेल, पोरगी गरम पाण्याची पिशवी ओढणीनं पोटाला बांधून बारावीचे पेपर लिहून आली, शेवटी दुर्बिणीतून बघितल्यावर कळलं.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर, ओव्हरीवर, कधी आतड्यावर वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं जगात साधारण 19 कोटी बायका-मुलींना हा त्रास आहे. तरी संशोधन मागं का, तर एक कारण ऐकून मी चाटच पडले, लॅबमधल्या नेहमीच्या उंदराला पाळीच येत नाही! मग त्याच्या पोटात अस्तराचे तुकडे सोडून आजार 'तयार' करतात, आता तो बिचारा काय सांगणार कुठं दुखतंय ते. बबून माकडिणीला पाळी येते, आजारही आपोआप होतो, पण खर्च नि वेळ फार. हल्ली पेशंटच्याच पेशींपासून डिशमध्ये बारीक गोळे वाढवतात, ऑर्गनॉइड म्हणतात, त्यावर औषध तपासता येतं. मला हे जास्त पटतं, जरी त्या गोळ्यात नसा नि रक्तवाहिन्या नसल्या तरी.

मिरजेत एवढे दवाखाने, ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा पेशंटला विचारून संशोधनाला देता येतो का, एखाद्या डॉक्टरीणबाईंना विचारून छापा की.

– एक काकू, विश्रामबाग, सांगली