फिलिप्पैच्या वाटेवर

नाना पेठ, पुणे

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन गोष्टी बोललीस. प्रार्थनेला बसतेस पण आत कोरडं कोरडं वाटतं, पूर्वीचा आनंद येत नाही. आणि चेन्नईच्या बदलीचं उत्तर महिनाअखेर द्यायचं आहे, पण देवाची इच्छा काय ते कळत नाही. तेवढ्यात खाली कॅब आली आणि बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून हे पत्र. सुट्टीच्या दिवशी निवांत वाच.

तुला हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. मला ते एकाच गावात, फिलिप्पैला, भेटलेले दिसतात. नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय काढ. गावोगाव येशूची सुवार्ता सांगत फिरणाऱ्या प्रेषित पौलाला आसिया प्रांतात वचन सांगायचं होतं. पवित्र आत्म्याने मना केलं. मग बिथुनियाकडे जाऊन पाहिलं. तिथेही जाऊ दिलं नाही. दोन दारं बंद झाल्यावर ही मंडळी समुद्रकाठी त्रोवसला येऊन थांबली. रात्री पौलाला दृष्टान्त झाला: मासेदोनियाचा एक माणूस उभा राहून विनवतो आहे, इकडे येऊन आम्हाला साहाय्य कर. आता दहावं वचन नीट वाच. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण त्याचा अर्थ 'आम्ही' लावला. चौघांनी मिळून ताडून पाहिलं आणि मगच ते गलबतात बसले.

आणि पोचले कुठे? मासेदोनियातल्या फिलिप्पै नगरात. नदीकाठी जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया भेटली, तिने घर उघडं केलं. थोड्याच दिवसांत पौल आणि त्याचा सोबती सीला फटके खाऊन आतल्या कोठडीत पडले, पाय खोड्यात. मध्यरात्री ते तिथे प्रार्थना करत होते, गात होते. म्हणजे मार्गदर्शन अचूक होतं आणि तरी वाट तुरुंगातून गेली. हे आधीच मनात पक्कं कर, नाहीतर चेन्नईला पहिल्याच महिन्यात घरमालकाशी वाजलं की तुला वाटेल, देवाची इच्छा नव्हतीच.

पुढे काही वर्षांनी फिलिप्पैतल्या विश्वासणाऱ्यांच्या मंडळीला पौलाने पत्र लिहिलं. तेव्हाही तो कैदेतच होता. चार अध्यायांचं छोटंसं पत्र, पण आनंदाची इतकी भाषा त्याच्या दुसऱ्या कुठल्याही एवढ्याशा पत्रात नाही. ते फिलिप्पैत वाचून दाखवलं गेलं तेव्हा ऐकणाऱ्यांत कदाचित तो तुरुंगाचा अधिकारीही बसला असेल, ज्याने त्या रात्री या दोघांच्या जखमा धुतल्या होत्या. त्याच पत्रात चौथ्या अध्यायाच्या अकराव्या वचनात पौल म्हणतो की, असेल त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. 'शिकलो' हा शब्द धरून ठेव. एवढ्या मोठ्या प्रेषितालाही ते शिकावं लागलं.

आता कोरडेपणाचं. योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू म्हणतो की मी द्राक्षवेल आहे, तुम्ही फाटे आहात, आणि फळ देणाऱ्या फाट्यालाही पिता छाटतो. त्याच बोलण्यात अकराव्या वचनात आनंद येतो: माझा आनंद तुमच्यामध्ये असावा. छाटणी आणि आनंद एकाच श्वासात. येशूच्या देशात वेलाची मुख्य छाटणी हिवाळ्यात एकदाच होते. आपल्याकडे नारायणगावच्या बागांत दोनदा. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. तेव्हा बाग इतकी उघडी दिसते की नवख्याला वाटावं, मेलीच. त्या छाटणीवर फळ धरत नाहीत. पण नंतरच्या दोन-अडीच महिन्यांत नव्या काड्यांच्या डोळ्यांत आतल्या आत सूक्ष्म घड तयार होत असतात, बाहेरून काहीही दिसत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जो घड बाहेर येतो, तो तेव्हाच ठरलेला असतो. त्या दिवसांत पाणी, खत, ऊन यांत हयगय झाली तर ऑक्टोबरमध्ये कितीही धावपळ करा, काडीला नुसता पाला येतो.

तुझे हे दिवस तसे आहेत असं मला वाटतं. म्हणून फाट्याचं काम सोडू नकोस. फाट्याचं काम फळ ओढून काढण्याचं नसतं, वेलाला लागून राहण्याचं असतं.

लागून राहायचं म्हणजे रोज काय करायचं, ते सांगते. तू रात्रपाळीहून आल्यावर बसतेस आणि डोळे मिटतात, मग दिवसभर अपराधी वाटतं. ती वेळच चुकीची आहे. सकाळचीच प्रार्थना खरी असं शास्त्रात कुठे नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आधी संध्याकाळ होते आणि मग सकाळ. यहुदी लोक आजही दिवस सूर्यास्तापासून मोजतात. तुझाही दिवस संध्याकाळीच सुरू होतो. कॅब यायच्या आधीची वीस मिनिटं धर. तासाभराचा संकल्प नको. तो तीन दिवस टिकतो आणि चौथ्या दिवशी सगळंच सुटतं.

फोन दुसऱ्या खोलीत ठेव. फोनवरचं बायबल वाईट नाही, पण वर नोटिफिकेशन आलं की मन ऑफिसात पोचतं. कागदाचं शास्त्र घे, आणि मराठीच घे. दिवसभर तू इंग्रजीत बोलतेस. पण रडताना, घाबरताना तुझ्या तोंडी मराठीच येते ना? तिथेच वचन मुरायला हवं. इथून जवळच केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं, ते गावच्या बायकांना कळावं म्हणून. 1922 साली त्या गेल्या आणि 1924 साली ते छापून पूर्ण झालं. एवढ्या कष्टाची भाषा आपल्या हाती आहे.

उत्पत्तीपासून सलग सुरू करू नकोस. बहुतेकांची गाडी लेवीयात येऊन अडते, कारण होमबलीचे आणि शुद्धीचे नियम कशासाठी आहेत हे ख्रिस्ताची ओळख नीट झाल्याशिवाय उमगत नाही. मार्काचं शुभवर्तमान घे. सोळा अध्याय आहेत, रोज एक. मग फिलिप्पैकरांस पत्र, चार दिवस. वीस दिवसांत दोन्ही होतात, तेही तुझ्या महिनाअखेरच्या आत. मोठ्याने वाच, निदान ओठ हलू देत. पहिल्या स्तोत्रात जो माणूस रात्रंदिवस मनन करतो असं म्हटलंय, तिथला हिब्रू शब्द पुटपुटण्याचा, गुणगुणण्याचा आहे. यशयाच्या एकतिसाव्या अध्यायात तोच शब्द शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी येतो. डोळ्यांनी पानं उलटत जाणं म्हणजे मनन नव्हे. जे वाक्य अडेल तिथे थांब, ते वहीत उतरव, आणि खाली एकच ओळ लिही: आज यावर मी काय करणार. 'अधिक प्रेम करीन' असं लिहू नकोस, त्याचं पुढे काही होत नाही. 'टीममधल्या जिच्याशी अबोला आहे तिला आज चहाला बोलवीन' असं लिही.

मग प्रार्थना. इथे तुझी चूक होतेय ती अशी, की कोरडं वाटत असताना तू ओल्या शब्दांची प्रार्थना करतेस. 'प्रभू, तू किती चांगला आहेस' म्हणतेस आणि आतून ते पटत नसतं. तेरावं स्तोत्र बघ. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत नुसती तक्रार: कोठवर, कोठवर, मूळ हिब्रूत चार वेळा. पुढच्या दोनांत मागणं: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, डोळ्यांना प्रकाश दे. शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. याच साच्यात तू लिही. देवा, कोठवर मी या खोलीत एकटी राहू? कोठवर तू गप्प? मग काय हवं ते नेमकं माग: झोप हवी, एक मैत्रीण हवी, बदलीबद्दल स्पष्टता हवी. आणि शेवटी त्याने पूर्वी केलेली एखादी गोष्ट आठव, नाव घेऊन, महिना-वर्षासकट. तिसरा भाग लिहवला नाही तर रिकामा सोड. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवाला खोट्या स्तुतीपेक्षा खरी तक्रार चालते, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

गाणं मात्र सोडू नकोस, एक कडवं तरी. ना. वा. टिळकांची गीतं आपण भजनाच्या चालीवर म्हणतो. टाळ नसला तर मांडीवर ताल धर. मन उठत नसलं तरी गळा उठवता येतो, आणि पुष्कळदा मन त्याच्या मागून येतं.

एक वेगळी गोष्ट. दोन-तीन आठवडे सलग झोप नाही, जेवण नको, कशातच रस नाही असं असेल तर ते प्रार्थना कमी पडल्यामुळे होतंय असं समजू नकोस. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवाची वाणी नंतर, होरेब डोंगरावर. पहिल्या राजांचा एकोणिसावा अध्याय. डॉक्टरांकडे जा, लाजू नकोस, आणि मला सांग.

आता बदली. आधी काय करू नकोस ते. शास्त्र कुठेही उघडून बोट ठेवून उत्तर शोधू नकोस; वचन आपल्या जागेवरून उचललं की त्यातून काहीही निघतं. 'अमुक दिवसात मॅनेजरचा फोन आला तर तुझी इच्छा' असली खूणही मागू नकोस. गिदोनाने खळ्यात लोकर ठेवून फक्त तीच दवाने भिजावी अशी खूण देवाकडे मागितली, ती गोष्ट सगळे सांगतात, पण शास्त्यांचा सहावा अध्याय पूर्ण वाच. देवाने त्याला आधीच स्पष्ट सांगितलेलं होतं. लोकर ही त्याची भीती होती, देवाने ती सहन केली एवढंच. चिठ्ठ्या टाकणंही प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात शेवटचं दिसतं. दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा येतो, आणि पुढे मंडळी चिठ्ठ्या टाकताना कुठे दिसत नाही.

वहीची दोन पानं घे. एकावर जाण्याची कारणं, दुसऱ्यावर राहण्याची, आणि प्रत्येक कारणापुढे खरं खरं लिही की ते कशातून आलंय: भीती, पैसा, प्रेम, हौस, की कर्तव्य. पैसा लिहायला संकोच करू नकोस. पगार, खोलीभाडं, घरी पाठवायची रक्कम, सगळे आकडे मांड. मग तीन दिवस मनाशी 'मी जाते आहे' असं धरून जग, सांगू कुणालाच नकोस. रोज रात्री दोन ओळी: आज मन शांत होतं की टोचत होतं. पुढचे तीन दिवस 'मी राहते आहे'. ही रीत सोळाव्या शतकातले कॅथलिक संत इग्नाशियस लोयोला यांच्या परंपरेतली आहे. आपण कॅथलिक नाही, पण चांगलं ते घ्यावं. त्यांचा एक नियम तर भिंतीवर लावण्यासारखा आहे: मन खचलेलं असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. म्हणून या नोंदी पाळीहून आल्या आल्या करू नकोस. थकव्याला देवाचा आवाज समजण्याची चूक तिथेच होते.

मग 'आम्ही'. पाळकसाहेब आणि पाळकीणबाई, आणि तुझ्या कामातलं कळणारा विश्वासातला एखादा माणूस, एवढ्यांसमोर वही उघड. हो म्हणवून घ्यायला जाऊ नकोस, विचारायला जा. मला विचारशील तेव्हा माझं मत सांगेन, पण ते आईचं मत आहे, तुला जवळ ठेवायला बघणार, हे धरून त्याचं वजन कर. चेन्नईत राहण्याच्या जागेजवळ मंडळी आहे का, रविवार मोकळा मिळेल का, हे ऑफिसला आत्ताच विचार. फाटा न्यायचाच तर वेल कुठे आहे ते आधी बघायला हवं.

एवढं करून ढळढळीत काही दिसलंच नाही, तर दोन्ही वाटा चांगल्या असू शकतात. 'तुझे वचन माझ्या पावलांकरिता दिवा' असं स्तोत्रात आहे. त्या काळचा दिवा म्हणजे तळहातावर मावणारी मातीची पणती, ऑलिव्हच्या तेलाची. हातात धरली तर पुढचं एक पाऊल दिसतं. वळण दिसत नाही. पाऊल टाकलं की उजेड तेवढाच पुढे सरकतो.

पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे. शनिवारची पाळी आत्ताच बदलून घे, म्हणजे रात्रीच घरी येशील. वही घेऊन ये. खिमा करून ठेवते.

तुझी,
आई