मशीद बंदरचे सिनेगॉग का विसरलात?

मा. संपादक,

शहरातील ज्यू प्रार्थनास्थळांवरील आपला लेख वाचला. फोर्टमधील केनेसेथ एलियाहू सिनेगॉग (१८८४) आणि ते उभारणारे ससून घराणे यांची माहिती त्यात सविस्तर आली आहे. मात्र त्याच्या तब्बल ८८ वर्षे आधी, १७९६ मध्ये, स्थापन झालेल्या मशीद बंदरच्या ‘शाअर हारहामीम’ अर्थात ‘दयेचे द्वार’ या मुंबईतील पहिल्या सिनेगॉगला त्यात एक ओळही मिळू नये, हे खटकले.

हे सिनेगॉग बांधले सामाजी हसाजी दिवेकर यांनी. आडनावावरून गाव ओळखू यावे असे हे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू लोक. तेलाचे घाणे चालवणारे आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, काम बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’. कंपनी सरकारच्या पलटणीत अधिकारी असलेले सामाजी दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. टिपूच्या आईने शब्द टाकल्यामुळे त्यांचे प्राण वाचले आणि सुटकेनंतर त्यांनी सिनेगॉग बांधून बोललेला नवस फेडला, अशी समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिकत आहे. तिच्यातील आईचा भाग दंतकथा मानला, तरी सिनेगॉग उभे राहिले हे खरेच. १८६० मध्ये ते जवळच्याच सध्याच्या जागी हलवण्यात आले. आत मध्यभागी लाकडी कठड्याची तेवा (धर्मग्रंथ वाचण्याचा चौथरा), भिंतीशी तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याचे हेखाल आणि वर स्त्रियांसाठी सज्जा, अशी त्याची साधी मांडणी आहे. ससूनांच्या वास्तूंचा थाट इथे नाही, आणि कदाचित म्हणूनच लेखकांची पावले इकडे वळत नसावीत.

या समाजाचा धर्मव्यवहार मराठीतून वाढला, हे तर आपल्या वाचकांना आवर्जून सांगायला हवे होते. वल्हांडणाच्या सणाला वाचली जाणारी हगादा १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. अब्राहाम, मोशे यांची चरित्रे कीर्तनातून गायली गेली. आणि एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने पोहे, ओले खोबरे, साखर व फळे यांचा मलिदा आजही केला जातो. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, उरलेल्यांपैकी कित्येक ठाण्याला स्थायिक झाली. त्यामुळे सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवणे हीच आता शहरातील जुन्या सिनेगॉगांपुढची मोठी अडचण आहे.

२०१६ मध्ये राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा त्यांच्याविषयी चार दिवस बरेच छापून आले, मग पुन्हा सामसूम झाली. आपण या सिनेगॉगवर स्वतंत्र लेख द्यावा, आणि तो लिहिताना इंग्रजी पर्यटन-पुस्तिकांपेक्षा समाजाचे जुने मराठी छापील साहित्य व दफनभूमीतील मराठी शिलालेख यांचा आधार घ्यावा, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे