नारिंगी टॉवेल

सोलापूर,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय श्रीनू,

स. न. वि. वि.

परवा फोनवर आवाज मीच चढवला. तू "बरं, ठेवतो" म्हणालास आणि ठेवलास. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या फुटबॉल क्लबवरून झालेलं आपलं भांडण ग्रुपवर सगळ्यांनी वाचलंच आहे, पण ग्रुपवर दोन ओळी टाकल्या की तिसरा माणूस मध्येच काहीतरी टाकतो आणि मुद्दा वाहून जातो. आज रविवार, दुकान बंद आहे, म्हणून कागद घेऊन बसलोय.

तू म्हणालास, "पैसा त्यांचा, क्लब त्यांचा. हैदराबादहून दिल्लीला नेला तर नेला. तू काय शेअर घेतला होतास का बे?" श्रीनू, हे वाक्य मला लागलं. कारण त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आता आहे असं वाटतंय.

७ मार्च २०१८ आठवतोय का? आपला पुणे सिटी आणि बेंगळुरू, इंडियन सुपर लीगच्या सेमीफायनलची पहिली मॅच, पुण्यात बालेवाडीला. आपण पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस धरली होती. काकूंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली होती, आणि ती बांधली होती त्या नारिंगी टॉवेलात. तुमच्या यंत्रमागावर कुठल्यातरी ऑर्डरचं नारिंगी सूत उरलं होतं. त्यातून काकांनी आपल्या दोघांसाठी दोन टॉवेल विणून दिले होते. माझा अजून माझ्याकडे आहे. एका कोपऱ्यात तीन बोटं रुंदीएवढा पट्टा फिकट आहे, तिथे सुताचा दुसरा लॉट लागला होता. काकांनी तो आधी दाखवला होता आणि म्हणाले होते, "हे गिऱ्हाइकाला देता येत नाही, तुम्हाला चालतंय."

मॅच ०-० सुटली. आपले गोल मारणारे मार्सेलिन्हो आणि अल्फारो दोघंही होते, तरी गोल झाला नाही. परतीची हुतात्मा मॅचच्या आधीच सुटून गेलेली, मग स्वारगेटहून एसटी. टेंभुर्णीला मध्यरात्री चहा पिताना तू म्हणालास, पुढच्या वर्षी आपण फायनलला असू. चार दिवसांनी बेंगळुरूला त्यांच्या सुनील छेत्रीनं तीन गोल मारले आणि आपण ३-१ हरलो. पुढचं वर्ष आलं, पण फायनल आली नाही. २०१९ च्या ऑगस्टअखेर क्लबच उरला नाही.

आता तुझा मुद्दा घेतो, कारण तो खोटा नाही. २०१४ मध्ये पुण्याचा क्लब उभा राहिला तेव्हा एक उद्योगसमूह होता, हृतिक रोशन होता, इटलीच्या फिओरेंतिना क्लबचाही हात होता. आपल्याला वाटलं, एवढी मोठी नावं आहेत, काय कमी पडणार? पण या लीगमध्ये क्लबला पैसा येतो कुठून? तिकिटं, जर्सीवरची जाहिरात आणि लीगकडून मिळणारा वाटा. जातो मात्र सगळीकडे: फ्रँचायझी फी, पगार, मैदानाचं भाडं, विमानाची तिकिटं, हॉटेलं. खेळाडू विकून पैसा यावा तर इथे बहुतेक खेळाडू करार संपला की फुकटात दुसरीकडे जातात. म्हणजे दरवर्षीचा खड्डा मालकानंच खिशातून भरायचा. त्याच्या दुसऱ्या धंद्यात ओढाताण झाली की क्लबचा पहिला नंबर लागतो. पुण्यात तेच झालं. हे सगळं मला मान्य आहे. ज्यांनी तो घेऊन हैदराबादला नेला, त्यांनी तो पूर्ण बुडू दिला नाही, आदिल खान, निखिल पुजारी, मार्सेलिन्हो यांना काम मिळालं, हेही मान्य आहे.

आणि खरं सांगू? तेव्हा मला फार दुःखही झालं नव्हतं. पुण्याहून उठलेला क्लब आपल्याच स्टेशनावरून पुढे गेल्यासारखा वाटला, रूळ तोच ना. तुझी नोकरी हैदराबादला लागलेली. काका तर खूशच झाले, तुमच्या घरात बोली तेलुगू, पाहुणे सगळे तिकडचे. पहिल्याच मॅचला कोलकात्याच्या एटीके क्लबनं पाच गोल घातले, पहिल्या मोसमात आपण तळाला राहिलो, तरी तू गच्चीबोवलीहून फोटो पाठवायचास आणि मी नारिंगी टॉवेल पिवळ्या जर्सीवर टाकून बसायचो.

लिस्टनवरून आपण केवढे भांडलो होतो! २०२१ मध्ये मोहन बागाननं सुमारे एक कोटी देऊन लिस्टन कुलासोला नेलं. भारतीय खेळाडूला दुसऱ्या क्लबकडून घ्यायला एवढा पैसा तोवर कुणी मोजला नव्हता. तू आठवडाभर चिडलेला, "घरचं सोनं विकलं" म्हणालास. मी म्हणालो, विकू दे, करार संपल्यावर फुकट जाण्यापेक्षा रोख येतंय, त्यातून दोन जण घेता येतील. मी आजही त्याच मताचा आहे. पुढच्याच मोसमात आपल्या ओगबेचेनं १८ गोल केले आणि आपण फायनलला पोचलो.

२० मार्च २०२२ ची, केरळा ब्लास्टर्सविरुद्धच्या फायनलची रात्र मी तुला सांगितली नाही कधी नीट. तू गोव्यात फातोर्ड्याला गेला होतास, मी तुमच्या घरी काकांबरोबर बघत होतो. बाहेर शेडमध्ये रात्रपाळीचे माग खडखडत होते, टीव्हीचा आवाज ऐकू येत नव्हता. केरळाचा राहुल गोल करून गेला तसे काका उठून बाहेर गेले. मला वाटलं, बघवत नाही म्हणून गेले. ते गेले होते माग बंद करायला! चारही माग थांबले. सगळी गल्ली एकदम गप्प झाली. कामगार दोघे दारात येऊन उभे राहिले. ८८ व्या मिनिटाला आपल्या साहिल तव्होरानं बॉक्सबाहेरून मारला तो गोल आम्ही त्या शांततेत बघितला. मग पेनल्टी. आपल्या गोलकीपर कट्टीमनीनं तीन अडवल्या. काका त्याला "मनोडु, मनोडु", म्हणजे आपला माणूस, म्हणत होते. मी म्हटलं, काका, तो गोव्याचा आहे. तर म्हणाले, आडनाव अक्कलकोटकडचं वाटतंय, आपलाच.

या काकांचंच उदाहरण मला तुझ्यापुढे ठेवायचंय, श्रीनू. सुताचा भाव वाढला, टॉवेलची ऑर्डर अडकली, व्यापाऱ्यानं तीन-तीन महिने बाकी ठेवली, असे दिवस तुमच्या घरी किती आले! तरी आठवड्याचा पगार चुकला असं मी कधी ऐकलं नाही. एका दिवाळीला काकूंच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या, हे तूच मला सांगितलंयस. तोटा काकांनाही होता. कामगाराच्या ताटातून तो वजा करायचा नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. माझे बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हाच्या देण्यांची फाइल आमच्या कपाटात वरच्या खणात अजून आहे. त्यामुळे पगार थकला हे दोन शब्द वाचले की मी शांत राहू शकत नाही.

आणि कप जिंकल्यावर दोन वर्षांत आपल्या क्लबमध्ये हेच झालं. देणी थकली, फिफानं नवे खेळाडू नोंदवायला बंदी घातली, परदेशी खेळाडू आणि परदेशी कोच निघून गेले. जानेवारी २०२४ मध्ये चिंगलेनसाना आणि निखिल पुजारी बेंगळुरूला गेले. निखिल तर पुण्यापासूनचा आपला! पोरसवदा टीम घेऊन कोच थांगबोई सिंगतो लढत राहिले आणि पूर्ण मोसमात २२ पैकी एक मॅच जिंकली. ती पोरं वाईट खेळत नव्हती, त्यांना एकटं टाकलं होतं. त्या मोसमात ट्रान्सफरची चर्चा करताना ग्रुपवर सगळे "हा घ्या, तो घ्या" म्हणत होते, आणि मला वाटायचं, आधी आहेत त्यांचे पैसे द्या रे.

मग नवे मालक आले. त्यांनी क्लब चालू ठेवला, त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण गेल्या महिन्यात तो दिल्लीला गेला आणि नाव झालं स्पोर्टिंग क्लब दिल्ली. नाव गेलं, रंग गेला, शहर गेलं. पुण्याचे प्रेक्षक एकदा, हैदराबादचे दुसऱ्यांदा. कुणालाही विचारलं नाही. तू म्हणतोस, विचारायचं कशाला? म्हणून मी दोन ठिकाणं शोधून वाचली.

एक, विंबल्डन. २००२ मध्ये लंडनच्या त्या क्लबला मिल्टन कीन्स या दुसऱ्या गावी न्यायला परवानगी मिळाली. तिथल्या प्रेक्षकांनी काही आठवड्यांत स्वतःचा क्लब काढला, एएफसी विंबल्डन. माळावर उघड्यावर खेळाडूंची चाचणी घेतली. खूप खालच्या पायरीवरून सुरुवात केली, २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोचले आणि २०२० मध्ये प्लाउ लेनला, आपल्या मूळ वस्तीत, नवीन मैदानावर परत आले. मालकीचा मोठा हिस्सा प्रेक्षकांकडेच. हे वाचून मी उठून घरात येरझारा घातल्या, खोटं नाही सांगत.

दुसरं आपल्याच देशात. मोहन बागान १८८९ चा. २०२० मध्ये एटीकेशी जोडला गेला, ८० टक्के हिस्सा कंपनीकडे, आणि नावापुढे एटीके लागलं. पोरांनी तीन वर्षं तो शब्द काढा म्हणून बॅनर धरले. कंपनी तीच राहिली, पैसा तिचाच राहिला, पण २०२३ मध्ये नावातून एटीके गेलं. का गेलं? कारण तिथे क्लब म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले सभासद होते, त्यांची पावती होती, त्यांची निवडणूक होती. आपल्याकडे फक्त तिकिटाचे तुकडे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: मालक होऊ दे ज्याला व्हायचंय त्याला, नफा-तोटा त्याचा. पण नाव, रंग आणि शहर या तीन गोष्टी नोंदणी झालेल्या प्रेक्षक संघटनेच्या संमतीशिवाय बदलता येऊ नयेत. आणि दरवर्षी हिशेब उघडा करावा: किती आले, किती गेले, कुणाचे थकले. जर्मनीत तर निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे ठेवायचा नियम आहे. मी तेवढंही मागत नाही.

आत्ता लिहायचं कारणही सांगतो. अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनचा लीग चालवणाऱ्या कंपनीबरोबरचा २०१० पासूनचा करार येत्या ८ डिसेंबरला संपतोय. नव्या निविदेला ७ नोव्हेंबरपर्यंत एकसुद्धा बोली आली नाही. मोसम कधी सुरू होणार, ठाऊक नाही. सगळे म्हणतात, अशा वेळी प्रेक्षकांनी गप्प बसावं. मला वाटतं, नवे नियम लिहिले जाणार असतील तर याच वेळी लिहिले जातील. मी फेडरेशनला पाठवायला एक अर्ज तयार केलाय, मराठीत. तुझं इंग्रजी चांगलं आहे. तू तो नीट करून दे. खाली पहिली सही माझी आहे, दुसरी काकांची. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, "पगार" या शब्दाखाली पेननं रेघ मारली आणि मग सही केली.

तिसरी जागा तुझी. पटत नसेल तर करू नकोस, मी रागावणार नाही. पण फोनवर जे बोललास ते पुन्हा एकदा हे वाचून बोल.

गड्ड्याच्या जत्रेला येणार ना? रजेचं आत्ताच बघ. काकूंच्या गुडघ्याचं दुखणं कमी आहे, काळजी करू नकोस. तुझा नारिंगी टॉवेल कुठेय ते कळव. तुमच्या माळ्यावर नसेल तर काका म्हणतात, सूत मिळालं तर नवा विणून देतो, या वेळी लॉट एकच लावीन.

तुझा,
दत्ता