किमान-कमाल पैजेच्या पाटीवर टक्काही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॅसिनोत 'हुशारीने' पैज कशी लावावी, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. 'हरले तरी चालतील तेवढेच पैसे सोबत न्या' हा त्यातला सल्ला चांगला आहे, तो कुणीही पाळावा. पण 'बराच वेळ न आलेल्या रंगावर लावा' आणि 'हरलात तर पुढची पैज दुप्पट करा' ही दोन वाक्यं वाचली आणि रात्री झोप लागेना. म्हणून हे पत्र. त्या सल्ल्यात काय चुकतं आणि 'टक्का', म्हणजे प्रत्येक पैजेमागे सरासरीने कॅसिनोकडे जाणारा हिस्सा, पाटीवर का लिहावा, हे सांगायचं आहे.

मी बांद्याचा. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनो जहाजावर सहा वर्षं डीलर, म्हणजे टेबलावर खेळ चालवणारा, होतो. त्यातली चार रूलेटच्या टेबलावर, जिथे फिरत्या चाकातली गोळी कुठल्या आकड्यावर किंवा रंगावर थांबेल यावर पैज लावतात. सिंधुदुर्गातली माझ्यासारखी कितीतरी मुलं तिथे नोकरी करतात, माझे जुने सोबती आजही आहेत. म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.

टेबलापलीकडे मराठी बोलणारी माणसं फार असत. गोव्यात राहणाऱ्याला कॅसिनोत खेळायला बंदी आहे, म्हणजे खेळणारा बाहेरचाच. महाराष्ट्रात १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. त्यामुळे शनिवार-रविवार कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या गाड्या पणजीत. यातले बहुतेक लोक हौसेने येत, दोन-चार हजार घालवत आणि हसत परत जात. त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. मला लिहायचं आहे ते आकड्यांचा हिशेब मांडायला वही घेऊन येणाऱ्यांबद्दल.

त्यातल्या एकांची गोष्ट सांगतो. सांगलीकडचे द्राक्षबागायतदार, पन्नाशीचे. मला 'बाळा' म्हणत. आम्ही पाहुण्यांना 'सर' म्हणायचा नियम होता, पण मी त्यांना 'काका'च म्हणायचो. दुप्पट करण्याची पद्धत त्यांना कुणीतरी शिकवली होती आणि आधीच्या दोन खेपांना ते जिंकूनही गेले होते. एप्रिलमधला शनिवार होता, हंगाम नुकताच संपलेला. काळा लागोपाठ तीनदा येईपर्यंत ते थांबले आणि मग त्यांनी लालवर ५०० लावले. काळा आला. १,०००. काळा. २,०००. काळा. ४,०००. या वेळी शून्य आलं, म्हणजे लालही गेला आणि काळाही. ८,०००, १६,०००, ३२,०००. तिन्ही वेळा काळाच. सात पैजांत ६३,५०० रुपये गेले. आठवी पैज ६४,००० ची व्हायला हवी होती, पण माझ्या टेबलावर लाल-काळ्यासाठी कमाल मर्यादा ५०,००० होती. मी म्हणालो, "काका, पन्नासच्या वर चालत नाही." ते चिप्सवर, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांवर, हात ठेवून नुसते बसून राहिले. मी चाक फिरवलं. लाल आला.

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ बाळा, माझा हिशेब बरोबर होता."

तो हिशेब चूक होता, आणि मला तसं सांगायची परवानगी नव्हती. डीलरने खेळाबद्दल मत द्यायचं नसतं. त्यांना जे तेव्हा सांगता आलं नाही ते आता लिहितो.

आमच्या चाकात ३७ कप्पे होते. १८ लाल, १८ काळे आणि एक हिरवं शून्य. लालवर लावलं तर जिंकायच्या १८ वाटा आणि हरायच्या १९. आधीच्या फेरीत काय आलं याच्याशी चाकाचा काडीचाही संबंध नसतो. रोज टेबल उघडण्याआधी चाकावर पाणसळ ठेवून ते सपाट आहे ना हे आम्ही तपासायचो, ते याचसाठी की कुठल्याही कप्प्याला झुकतं माप मिळू नये. काळा तीनदा आल्यानंतरही लालची शक्यता ३७ पैकी १८ एवढीच राहते. दहादा आल्यावरही तेवढीच. माँटे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ रोजी काळा लागोपाठ २६ वेळा आला आणि 'आता लाल यायलाच हवा' म्हणत लोकांनी त्या रात्री प्रचंड पैसा घालवला. मग टेबलाजवळच्या फलकावर मागचे आकडे कशासाठी झळकत असतात? ते वाचून खरोखर जिंकता आलं असतं, तर कॅसिनोने स्वतःच्या खर्चाने तो फलक लावला नसता.

दुप्पट करण्याचं गणितही मांडतो, कारण ती पद्धत बहुतेक वेळा जिंकते आणि त्यामुळेच माणूस फसतो. ५०० पासून सुरुवात केली तर दर वेळी शेवटी ५०० च सुटतात. लागोपाठ सात वेळा हरण्याची शक्यता साधारण १०६ मध्ये एक. ऐकायला ती फार कमी वाटते. पण एका रात्रीत २०० फेऱ्या खेळलात तर ५०० पासून जिंकेपर्यंतच्या अशा जवळजवळ शंभर साखळ्या सुरू होतात, आणि त्यांतली एक तरी सातव्या पायरीवर तुटण्याची शक्यता शंभरात साठच्या आसपास जाते. उरलेल्या चाळीसांत माणूस ४८-४९ हजार घेऊन घरी येतो आणि गावभर सांगतो. काकांच्या आधीच्या दोन खेपा याच चाळीसांतल्या होत्या. टेबलाची मर्यादा नसती तर, असं पुष्कळ जण म्हणतात. पण मर्यादा काढली तरी खिसा कुठेतरी संपतोच, आणि लालची शक्यता ३७ पैकी १८ वरून हलत नाही.

आता टक्क्याकडे येतो. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. एकाच आकड्यावर एक रुपया लावून तो आकडा आला तर ३५ रुपये मिळतात आणि आपला रुपया परत. कप्पे ३७ आहेत, म्हणजे बरोबरीचा सौदा व्हायला ३६ मिळायला हवे होते. तो एक रुपया म्हणजे कॅसिनोची कमाई, टक्क्यात २.७. (अमेरिकेतल्या चाकांवर दोन शून्यं असतात, तिथे हाच टक्का ५.२६ होतो.) लोक म्हणतात, २.७ टक्के म्हणजे काहीच नाही, २०,००० घेऊन गेलो तर ५४० रुपये. तसं नाही. टक्का खिशातल्या पैशावर लागत नाही, टेबलावर ठेवलेल्या प्रत्येक पैजेवर लागतो. तासाला ४० फेऱ्या, प्रत्येकी ५०० रुपये, पाच तास. एक लाख रुपये टेबलावर फिरले. सरासरीने त्याचे २,७०० रुपये जातात. तेच पैसे जिंकत-हरत हातातून पुन्हा पुन्हा फिरतात, म्हणून ते कधी लाखावर गेले हे कळतही नाही.

लाल-काळ्यावरच्या या अशा खेळातही तीनांतला एक जण साधारण फायद्यात घरी येतो, कारण एका रात्रीत नशिबाची उलथापालथ या टक्क्याहून मोठी असते. हे मी डोळ्यांनी रोज पाहिलं आहे. पण तोच माणूस तसाच वीस रात्री खेळला, तर एकूण फायद्यात राहणारे शंभरात चार-पाचच उरतात. जहाजाला लबाडी करायची काही गरजच नसते. आम्हाला फक्त पाहुणा टेबलावर बसून राहायला हवा असायचा.

डीलरबद्दलचे गैरसमजही फार ऐकले. 'या पोराचा हात वाईट आहे', 'मी जिंकायला लागलो म्हणून डीलर बदलला'. आम्हाला ठरलेल्या वेळाने टेबल सोडावंच लागायचं, पाहुणा जिंकत असो की हरत. ब्लॅकजॅक म्हणजे पानांची बेरीज २१ च्या वर न जाऊ देता डीलरपेक्षा जास्त करायचा पत्त्यांचा खेळ. त्यात शेवटच्या खुर्चीवरच्याने पान घेतलं आणि डीलर २१ च्या आत वाचला, तर बाकीचे त्याच्यावर तुटून पडत. एकदा एक नवीन लग्न झालेली मुलगी अशी रडत उठून गेली. तिने घेतलेल्या पानाने बाकीच्यांचं नुकसान होण्याची जेवढी शक्यता, तेवढीच फायद्याची. फायदा झाला की तिचं कुणी नाव काढत नाही, एवढाच फरक.

लेखकाने 'हुशारी' हा शब्द वापरला आहे, तर खरी हुशारी कुठे उपयोगी पडते तेही सांगायला हवं, कारण ती थोडीफार आहे. अंदर-बाहरमध्ये एक पान उघडतात आणि त्याच्या जोडीचं पान 'अंदर' पडेल की 'बाहर' यावर पैज असते. त्यात दोन्ही बाजू सारख्या नसतात. ज्या बाजूला पहिलं पान पडतं ती शंभरात ५१-५२ वेळा जिंकते, म्हणून आमच्या टेबलावर त्या बाजूला रुपयाला ९० पैसेच मिळत. ९० पैसे म्हणजे तोटा, असं समजून बहुतेक लोक दुसऱ्या बाजूला जात. प्रत्यक्षात पहिल्या बाजूला टक्का सव्वादोनच्या आत आणि दुसऱ्या बाजूला तीन. बाकारा या पत्त्यांच्या खेळात 'बँकर' आणि 'प्लेअर' या दोन हातांपैकी कुठला जिंकेल यावर पैज असते. त्यात बँकरच्या जिंकलेल्या पैजेवर ५ टक्के कमिशन कापतात म्हणून लोक त्याला टाळतात, पण बँकरचा टक्का १.०६ आणि प्लेअरचा १.२४. 'टाय'ला, म्हणजे बरोबरीला, मात्र रुपयाला आठ मिळतात म्हणून हात पुढे जातो, तिथे टक्का चौदाच्या वर. ब्लॅकजॅकमध्ये डीलरचा एक्का दिसला की 'इन्शुरन्स' घ्यायची घाई होते. नाव विम्याचं असलं तरी ती डीलरचं झाकलेलं पान दहाचं निघेल यावरची वेगळीच पैज आहे, आणि पानांचा साधा हिशेब केला तर तिच्यावर रुपयाला साधारण साडेसात पैसे जातात. उलट कुठल्या पानावर थांबायचं आणि कुठे मागायचं हे पाठ केलं, तर चांगल्या नियमांच्या टेबलावर ब्लॅकजॅकचा टक्का ०.५ च्या आसपास उतरतो. स्लॉट मशीनबद्दल एवढंच, की 'भरलेलं', म्हणजे आता पैसे देणारच असं, मशीन नावाची वस्तू नसते. बटण दाबलं की निकाल ठरतो, आधी कोण किती हरलं याची त्यात कुठेही दखल नाही.

हे सगळं करूनही प्रत्येक टेबलावर टक्का कॅसिनोच्याच बाजूला राहतो. हुशारीने तो लहान होतो, उलटा फिरत नाही. तुमच्या लेखात पैज लावण्याच्या पाच पद्धती होत्या आणि टक्का एकदाही आला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली गोवा सरकारला. प्रत्येक टेबलावर किमान आणि कमाल पैज किती, याची पाटी असते. त्याच पाटीवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, प्रत्येक पैजेचा टक्का आणि तासाभरात सरासरी किती रुपये जातात हे मराठी, कोकणी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजीत लिहिणं सक्तीचं करावं. औषधाच्या बाटलीवर आणि कर्जाच्या कागदावर जे लिहावं लागतं, तेच इथे का नको? या पाटीने कुणाची मौज जाणार नाही.

दुसरी विनंती आपल्याला. पुरवणीत कॅसिनोवर पुन्हा काही छापाल, तेव्हा त्या खेळाचा टक्का सोबत छापा. लेख आधी मला पाठवलात तर त्यातले आकडे मी हाताने ताडून देईन, त्याचे पैसे नकोत. माझा फोन नंबर सोबतच्या वेगळ्या कागदावर लिहिला आहे. तो फक्त आपल्या कार्यालयासाठी.

आपला,
एक माजी डीलर
बांदा, जि. सिंधुदुर्ग